‘मूल मिळवून देऊ’ म्हणणारी संस्था नको

इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे या तिन्ही ठिकाणच्या मराठी गाद्या दत्तकावर टिकल्या. ग्वाल्हेरला १८४३ मध्ये जयाजीराव शिंदे दत्तक आले, पुढच्याच वर्षी इंदुरात दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर बसले आणि १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ बडोद्याला येऊन सयाजीराव झाला. त्यामुळे दत्तक या शब्दाने इकडची मराठी माणसे बिचकत नाहीत, ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण अशी की आपल्या डोक्यातले दत्तकविधान अजून त्याच काळातले आहे: घराण्याला वारस हवा, म्हणून घराण्याला शोभेल असे मूल शोधायचे. आजचा कायदा शोधाला सुरुवात करतो ती दुसऱ्या टोकाकडून. मूल समोर आहे, त्याला पुरे पडेल असे घर कोणते, हे तो विचारतो.

हा फरक ध्यानात न घेता इंदूरच्या रामबाग किंवा सुदामानगरातले आईवडील कामाला लागतात. मुलगा-सून डॅलसला किंवा न्यू जर्सीला, लग्नाला दहा-बारा वर्षे झालेली, आणि दत्तक घ्यायचे ठरलेले. मग इंदुरात फोन सुरू होतात. “अहो, तुमची त्या आश्रमात कुणाशी ओळख आहे ना?” हा पहिला प्रश्न. तिकडे मुलगा विचारत असतो, “कोणती एजन्सी लवकर मूल देते?” दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडतो, कारण त्याचे उत्तर देणारी माणसे भेटतात.

कोणत्याही परदेशी संस्थेच्या हातात भारतातले मूल नसते. एके काळी असायचे. परदेशी संस्था इथल्या अनाथाश्रमांशी थेट व्यवहार करत, आणि त्यातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून १९८४ चा निकाल आला. न्या. पी. एन. भगवती यांनी घालून दिलेल्या त्या नियमांतून १९९० मध्ये ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकांचे नियम ठरवणारा १९९३ चा हेग करार भारताला २००३ पासून लागू झाला, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने काराला वैधानिक दर्जा दिला, आणि सध्याची नियमावली २०२२ ची आहे. आता कायद्याने दत्तकमुक्त, म्हणजे दत्तक देण्यास मोकळे, जाहीर झालेले प्रत्येक मूल आणि प्रतीक्षेतले प्रत्येक कुटुंब ‘केअरिंग्ज’ या एकाच ऑनलाइन प्रणालीत असते. मुलाची माहिती कुणाकडे जाणार हे तिथला ज्येष्ठताक्रम ठरवतो. इंदूरच्या आश्रमातल्या बाईंना त्यात बोट घालता येत नाही आणि टेक्सासच्या संस्थेलाही नाही.

रांग कशी चालते तेही समजून घ्यायला हवे. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणारे एनआरआय आणि भारतात राहणारे पालक यांना प्राधान्य सारखेच. ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक, आणि इतर परदेशी नागरिक त्यांच्या मागे: मूल दत्तकमुक्त जाहीर झाल्यापासून ६० दिवसांत भारतीय किंवा एनआरआय घर मिळाले नाही, तर ते आंतरदेशीय दत्तकासाठी खुले होते. पाच वर्षांवरची मुले, भावंडे आणि अपंगत्व असलेली मुले यांना बाहेर पाठवताना प्राधान्य देता येते. २०२४-२५ मध्ये देशात एकूण ४,५१५ दत्तके झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. उरलेली ३६० साऱ्या जगातल्या साऱ्या परदेशी संस्थांमध्ये वाटली जातात. आता कोणी “आमच्याकडे इंडिया प्रोग्राम फार फास्ट आहे, वर्षाच्या आत लहान बाळ” असे सांगितले, तर तो ओसीआय जोडप्याला नेमके काय विकतो आहे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मग संस्था हवीच कशाला? चार कामांसाठी. घराची खरी चौकशी (तिकडच्या भाषेत ‘होम स्टडी’) करणे, कागद बिनचूक करणे, मुलाची माहिती आली की ती वाचायला मदत करणे, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षे, गरज पडली तर त्याहून जास्त, पाठीशी राहणे. निवड याच चार कामांवर व्हायला हवी. जाहिरातीत मात्र या चारपैकी एकही काम ठळक दिसत नाही.

पहिल्या फोनवर चांगली संस्था विचारते: पासपोर्ट कोणता? अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी सगळे पुढचे त्यावर आहे. हेग करारातल्या देशातून मूल आणायचा आय-८००ए हा अर्ज अमेरिकी नागरिकालाच करता येतो; जोडप्यातल्या निदान एकाकडे नागरिकत्व हवे. दोघेही एच-१बी वर असतील किंवा दोघांकडे फक्त ग्रीन कार्ड असेल, तर हा रस्ता बंद. मग उरतो तो वेगळा मार्ग, ज्यात दत्तक मुलासोबत दोन वर्षे कायदेशीर ताबा आणि दोन वर्षे एकत्र राहणे सिद्ध करावे लागते, त्याशिवाय ते मूल व्हिसाच्या कायद्यात ‘मूल’ ठरतच नाही. म्हणजे आईवडिलांपैकी एकाने नोकरी सोडून इंदुरात येऊन राहायचे. कारामध्ये एनआरआय म्हणून प्राधान्य आहे, पण मूल तिकडे नेता येत नाही, अशी ही कात्री. नोंदणीशुल्क घेऊन झाल्यावर तीन महिन्यांनी पासपोर्टचा प्रश्न काढणारी संस्था एक तर अडाणी असते किंवा लबाड, आणि कुटुंबाच्या दृष्टीने त्यात फरक काहीच नाही.

त्यानंतर अधिकारपत्रे. इथे शब्दांचा घोळ जाणूनबुजून ठेवला जातो. ‘हेग अ‍ॅक्रेडिटेड’ म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नेमलेल्या तपासणी-संस्थेने त्या संस्थेला आंतरदेशीय दत्तकाचे काम करायला मान्यता दिली. भारतासाठी काम करायला काराचे वेगळे अधिकारपत्र लागते, आणि ते असलेल्या संस्थेलाच ‘अधिकृत विदेशी दत्तक संस्था’ म्हणतात. पहिले आहे आणि दुसरे नाही अशा संस्था भरपूर आहेत; त्या होम स्टडी करून देऊ शकतात, भारतात फाइल पाठवू शकत नाहीत. दोन्ही याद्या सरकारी संकेतस्थळांवर उघड आहेत. संस्थेने पाठवलेला पीडीएफ पाहू नये, यादीच उघडावी आणि मुदत कधी संपते ते बघावे. जोडपे ओहायोत आणि भारताचे अधिकारपत्र असलेली संस्था ओरेगॉनमध्ये, असेही चालते. मग होम स्टडी जवळची संस्था करते आणि ‘प्रायमरी प्रोव्हायडर’, म्हणजे मुख्य जबाबदार संस्था, दूरची असते. अशा वेळी कोणत्या चुकीला कोण जबाबदार हे करारात नावानिशी लिहून घ्यावे. दोन संस्थांच्या मध्ये फाइल अडकली की दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात, आणि कागदांची मुदत तेवढ्यात संपत जाते.

ती मुदत कशी संपते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून ज्या ज्या राज्यात आणि देशात राहिलात, तिथल्या बाल-अत्याचार नोंदवहीचा दाखला लागतो. आयटीतले जोडपे शिकायला ओहायोत, पहिली नोकरी न्यू जर्सीत, मग टेक्सास. प्रत्येक राज्याचा अर्ज वेगळा, टपाल वेगळे. होम स्टडी अहवाल अर्जासोबत जाताना सहा महिन्यांहून जुना नसावा लागतो. एका राज्याचे पत्र यायला दोन महिने लागले, तेवढ्यात नवऱ्याने नोकरी बदलली, म्हणजे अहवालात दुरुस्ती, पुन्हा सही, पुन्हा नोटरी. अर्ज मंजूर झाल्यावर ती मंजुरी १५ महिने टिकते, भारतातली रांग त्याहून लांब, म्हणून मुदतवाढ, आणि तिच्यासाठी अहवाल पुन्हा अद्ययावत. मुरलेली संस्था दाखल्यांची पत्रे पहिल्या आठवड्यात टाकते आणि घराला भेट देण्याची तारीख शेवटी धरते. नवशिकी संस्था आधी घर बघायला येते, फोटो काढते, सगळे खूश होतात आणि अहवाल शिळा होतो.

मराठी घरांची एक खास अडचण आहे, ती मात्र मुरलेल्या अमेरिकी संस्थेलाही ठाऊक नसते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिले गेले आणि माहेरची सुषमा सासरी सायली झाली. दहावीच्या मध्यप्रदेश बोर्डाच्या गुणपत्रिकेत सुषमा, वडिलांचे नाव खालच्या ओळीत. नगर निगमाच्या हिंदी विवाह प्रमाणपत्रात ‘सायली पति श्री अमुक’. पासपोर्टात नवऱ्याचे नाव मधले नाव म्हणून चिकटलेले. तिकडच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधले नाव गळालेले. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. बोटांचे ठसे तपासणाऱ्या यंत्रणेला या चार बाया दिसतात. ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करावे, जुनी सगळी नावे अर्जाच्या ‘इतर नावे’ या रकान्यात भरावीत, आणि हिंदी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करताना स्पेलिंग पासपोर्टबरहुकूम ठेवावे. भाषांतर करणाऱ्याने ‘सायली’चे स्पेलिंग आपल्या मनाने केले की पाचवी बाई तयार होते. इंदुरातल्या आईवडिलांनी आश्रमातली ओळख शोधण्यापेक्षा नगर निगमातून विवाह प्रमाणपत्राची नवी प्रत काढून ठेवली, तर मुलाचे खरे काम होईल.

अपोस्टिलचेही, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणाऱ्या सरकारी दाखल्याचेही, तसेच. कागदावर नोटरीची सही, त्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे अपोस्टिल. न्यूयॉर्क राज्यात या दोहोंच्या मध्ये काउंटी क्लार्कचा शिक्का लागतो, तो विसरला की पूर्ण गठ्ठा परत.

होम स्टडीबद्दल आपल्याकडे एक समजूत आहे की ती एक परीक्षा आहे आणि चांगली संस्था म्हणजे पास करून देणारी. म्हणून घराला रंग लागतो, पाळणा येतो, आणि नैराश्यासाठी घेतलेल्या गोळ्यांबद्दल “सांगायची काय गरज?” असे ठरते. गरज असते. जुनी अटक, मग खटला निघालाच नसला तरी, लपवली तर अर्ज त्याच कारणावर नामंजूर होतो. सांगितली तर बहुधा होत नाही. आधी दुसऱ्या संस्थेने प्रतिकूल अहवाल दिला असेल तर तोही सांगावा लागतो, त्यामुळे संस्था बदलून पाटी कोरी होत नाही. ज्या संस्थेची समाजसेविका नवरा-बायकोला वेगवेगळे बसवून वंध्यत्वाच्या उपचारांबद्दल, कर्जाबद्दल, सासूसासऱ्यांबद्दल नको तितके विचारते, ती संस्था धरावी. सासूसासरे यासाठी की ग्रीन कार्डवर मुलाकडे राहणारे आजी-आजोबा हे त्या घरातले प्रौढ सदस्य आहेत. त्यांचीही तपासणी होते आणि त्यांच्याशीही बोलणे होते. “रक्ताचे नाही, पण करू आता” असे आजोबा मुलाखतीत सहज बोलून गेले, तर अहवाल लिहिणाऱ्या बाईने ते लिहायलाच हवे. इंदुरात बसून वर्षातून सहा महिने तिकडे जाणाऱ्यांनीही हे आपले काम समजावे.

पालकांच्या प्रशिक्षणाचे किमान १० तास अमेरिकी नियमांत आहेत. ते व्हिडिओ लावून भाजी चिरता चिरता पुरे करता येतात आणि तसे करवून घेणाऱ्या संस्था आहेत. भारतातून येणाऱ्या मुलाच्या बाबतीत या तासांत काय शिकवतात ते विचारून बघावे. मराठी जोडप्याला वाटते, मूल इंदूरकडचे, म्हणजे आपलेच, पोहे-जिलेबी खाणारे. प्रत्यक्षात झाबुआ-अलीराजपूरकडून संस्थेत आलेल्या सहा वर्षांच्या मुलीची पहिली भाषा भिली असेल, दुसरी संस्थेतली हिंदी. मराठी तिला इंग्रजीइतकीच परकी. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि तिची हिंदी बोलणारे कोणी नाही, असे पहिले सहा महिने गेले तर ती गप्प होते, आणि शाळा तिला मतिमंदांच्या तपासणीला पाठवते. निदान वर्षभर घरात हिंदी बोला, हे सांगायला संस्थेत भारत माहीत असलेला माणूस लागतो.

पैशाचे थोडक्यात. आंतरदेशीय दत्तकात भारतातल्या विशेष दत्तक संस्थेला, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या आश्रमाला, देण्याची रक्कम ठरलेली आहे, ५,००० अमेरिकी डॉलर. पावती मिळते. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागितली तर ती नियमबाह्य, मग ती इमारतीसाठी असो की दिवाळीच्या कपड्यांसाठी. परदेशी संस्थेची फी प्रत्येकीची वेगळी, आणि तीत वावगे काही नाही. तिचे तुकडे कोणत्या टप्प्यावर द्यायचे आणि मुलाच्या वैद्यकीय माहितीनंतर नकार दिला तर काय परत मिळते, हे मात्र लेखी हवे. बहुतांश रक्कम सही करतानाच मागणारी संस्था पुढे फोन उचलेलच असे नाही.

आता वैद्यकीय अहवाल. मुलाची माहिती केअरिंग्जवर दिसली की मूल राखून ठेवायची मुदत तासांत मोजली जाते. त्या तासांत मुलाचा अभ्यास-अहवाल, वैद्यकीय अहवाल आणि फोटो इतकेच समोर असते. अशा वेळी संस्थेकडे आंतरदेशीय दत्तकाचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाचा नंबर तयार हवा. तेव्हा शोधायला बसले तर रविवार येतो. काय बघायचे? वजनापेक्षा डोक्याचा घेर, आणि एकदाचा नव्हे तर महिन्यामहिन्याचा. सोडून दिलेल्या बाळाची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिलेली असते, म्हणून आलेखावर ते मागे दिसले तरी कदाचित खरी तारीखच दोन महिने अलीकडची असते. दीड वर्षाखालच्या बाळाची एचआयव्हीची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्या आईच्या अँटिबॉडी असू शकतात, त्यासाठी पीसीआर लागते. पश्चिम मध्यप्रदेशच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाले. अहवालात प्राथमिक चाचणीचे नुसते ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ लिहिले असेल तर मूल वाहक आहे की आजारी, हे त्यावरून कळत नाही. एचपीएलसी ही पक्की रक्तचाचणी मागावी. वाहक मूल साधारणपणे इतरांसारखेच धडधाकट जगते. हा फरक न समजल्याने नकार गेला, तर मुलाच्या वाट्याला आणखी एक नकार आणि पालकांच्या वाट्याला पुन्हा प्रतीक्षा येते. ‘विशेष गरजा’ या एका खान्यात ओठ फाटलेले बाळ, पाऊल वळलेले बाळ आणि मेंदूचा पक्षाघात असलेले मूल शेजारी शेजारी असतात. आपण यातले काय पेलू शकतो, हे संस्थेने मुलाचा फोटो दिसण्याच्या आधी वदवून घ्यायला हवे. फोटो पाहिल्यावर कुणाचेही डोके जागेवर राहत नाही.

ओळखी कामाला येत नाहीत असे पटले की मराठी घरात पुढचा पर्याय निघतो: घरातलेच मूल. नणंदेला दोन मुलगे आहेत, धाकटा द्यायला ती तयार आहे, पत्रिका जुळते, गुरुजी मुहूर्त काढतात, दत्तकहोम होतो, रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदते. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने हे भारतात वैध असू शकते. व्हिसाच्या खिडकीवर ते पांगळे ठरते. हेग करारातल्या देशात न्यायचे असेल तर नात्यातल्या दत्तकालाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अमेरिकेच्या बाबतीत क्रमही ठरलेला: आधी आय-८००ए, मग त्या मुलासाठी आय-८०० ची तात्पुरती मंजुरी, आणि त्यानंतरच दत्तक. होम आधी झाला की क्रम उलटला. त्याहून मोठा अडथळा म्हणजे जन्मदाते आईवडील दोघेही हयात असतील तर ते मुलाचा योग्य सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, हे दाखवावे लागते. इंदुरात स्वतःचा फ्लॅट आणि दोघांच्या नोकऱ्या असलेल्या नणंदेबद्दल हे सिद्ध होत नाही, आणि होऊ नये. अशा कुटुंबाकडून ‘रिलेटिव्ह अ‍ॅडॉप्शन पॅकेज’चे पैसे घेणारी संस्था पहिल्या फोनवर एकच प्रश्न विचारून ते वाचवू शकली असती. इथे खर्च फक्त पैशाचा होत नाही. सात वर्षांच्या मुलाला “तू आता मामाकडे अमेरिकेला जाणार” असे सांगून झालेले असते.

मूल घरी पोचल्यानंतरचे काम सर्वांत कमी विचारले जाते. कारा दोन वर्षांचा पाठपुरावा मागते, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, म्हणजे सहा अहवाल. यात फोटो जोडलेला गोड अहवाल लिहिणे सोपे असते. २०१६ मध्ये बिहारहून टेक्सासला गेलेली तीन वर्षांची मुलगी ऑक्टोबर २०१७ मध्ये मृत सापडली, तेव्हा दत्तक वडिलांवर खटला झाला आणि भारताने त्या संस्थेचे अधिकारपत्र तहकूब केले. संस्था मोठी होती, जुनी होती, नावाजलेली होती. म्हणून नाव आणि वय यांवर न जाता विचारावे: अहवाल कोण लिहिते, ते घरी येते की व्हिडिओवर बोलते, मुलाशी एकटे बोलते का, गेल्या पाच वर्षांत किती दत्तके मोडली आणि त्या मुलांचे पुढे काय झाले. “आमच्याकडे एकही मोडले नाही” हे उत्तर आले, तर संस्थेने फार थोडी दत्तके केली असतील किंवा नंतर चौकशी केली नसेल. चांगल्या संस्थेकडे आकडाही असतो आणि त्यामागची कहाणीही.

आणि संस्थाच बंद पडली तर? हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. डेन्मार्कमध्ये हे काम करणारी एकमेव संस्था २०२४ च्या जानेवारीत थांबली, नेदरलँड्सने त्याच वर्षी आंतरदेशीय दत्तक टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. अमेरिकेतही भारतासाठी काम करणाऱ्या संस्था कमी होत आहेत. फाइल कुठे जाईल, उरलेली फी कुठे जाईल, आणि वीस वर्षांनी मूल आपला मूळ कागद मागायला आले तर तो कोणाकडे असेल, याची लेखी योजना अमेरिकी नियमांनुसार संस्थेकडे असावी लागते. ती वाचायला मागावी.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे: इतके नियम, इतक्या चाचण्या, आणि तिकडे मुले संस्थेत वाढत राहतात. वाढतात हे खरे. पण ती ज्या टप्प्यावर अडकतात तो परदेशी संस्थेच्या अलीकडचा आहे. सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत बाल कल्याण समितीने ते दत्तकमुक्त जाहीर करावे, असे कायदा सांगतो. समितीची जागा रिकामी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा चौकशी अहवाल आलेला नाही, पोलिसांचे ‘पालक सापडले नाहीत’ हे पत्र अडलेले, अशा कारणांनी ही मुदत उलटते, आणि मूल केअरिंग्जवर येते तेव्हा मोठे झालेले असते. तक्रार करायची तर ती इथे करावी. २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात, दोन महिन्यांत द्यायचा असतो. इंदुरात तो मोतीतबेल्याच्या कलेक्टोरेटमधून निघतो. रांगेच्या शेवटचा हा टप्पा सुधारला, सुरुवातीचा तितका नाही.

काराकडून मात्र एक गोष्ट उद्या करता येण्यासारखी आहे. परदेशी संस्थांची यादी संकेतस्थळावर आहे, तीत नाव, पत्ता आणि मुदत असते. पालकाला त्याहून जास्त लागते: या संस्थेने गेल्या तीन वर्षांत किती फाइली पाठवल्या, त्यांतल्या किती त्रुटींसाठी परत आल्या, किती कुटुंबांनी मुलाची माहिती आल्यावर नकार दिला, सहापैकी किती पाठपुरावा अहवाल वेळेवर चढले, किती दत्तके मोडली. हे आकडे गोळा करायला नवी समिती नको. फाइली, नकार आणि अहवाल तारखेसकट केअरिंग्जमध्येच चढतात; संस्थेच्या नावापुढे पाच रकाने वाढवायचे आहेत. संस्था म्हणतील की विशेष गरजांची मुले नेणाऱ्यांचे आकडे वाईट दिसतील. मग त्यांचा रकाना वेगळा करा. लपवण्यापेक्षा ते सोपे आहे.

हे रकाने येईपर्यंत हेच पाच प्रश्न कुटुंबाने संस्थेला ईमेलवर विचारावेत, फोनवर नको. दोन संस्थांना एकाच दिवशी पाठवावेत. एकीकडून दुसऱ्या दिवशी माहितीपत्रक आणि हसऱ्या बाळाचा फोटो येईल. दुसरीकडून आठवड्याने उत्तर येईल, त्यात दोन प्रश्नांना आकडे असतील, एकाला “गोपनीयतेमुळे इतकेच सांगता येईल” असे असेल, आणि शेवटी उलट विचारलेले असेल की तुमचे आईवडील तुमच्याकडे वर्षातले किती महिने राहतात.